जोड, गारवा आणि २७ किलोमीटरचं वर्तुळ : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काम ठरलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी कराडच्या आमच्या वाचनालयाने वरची खोली द्यायचं कबूल केलं. विषय: जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी: प्रोटॉन वर्तुळात फिरवून एकमेकांवर धडकवणारं यंत्र. भिंतीवर सहा फलक आणि मधल्या टेबलावर चालू क्लाउड चेंबर, म्हणजे न दिसणाऱ्या कणांच्या वाटा धुक्यात दाखवणारी पेटी.

मी फ्रीज-एसीचा मेकॅनिक. आयटीआय करून धंद्यात पडलो, पदार्थविज्ञान शाळेपुरतं. पण हे यंत्र गेली कित्येक वर्षं डोक्यातून जात नाही. जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या हद्दीखालून जाणारा बोगदा, आणि त्यातली चुंबकं उणे २७१.३ अंशांवर. अवकाशातल्या रिकाम्या पोकळीपेक्षाही थंड. आमच्या धंद्यातल्या माणसाने हे वाचलं की त्याला पहिला प्रश्न पडतो: गॅस कुठला, कॉम्प्रेसर किती, आणि लीक कसा शोधतात?

ग्रंथपाल म्हणाले, "हिग्ज बोसॉनचं मोठं चित्र लावा, लोक तेच विचारतात." लावणार आहे. हा कण सापडल्याची ४ जुलै २०१२ ची घोषणा, पुढच्या वर्षी हिग्ज आणि एंगलर्ट यांना नोबेल, हे एका फलकावर बसेल. उरलेल्या फलकांवर मला दाखवायचं आहे की हे यंत्र माणसांनी हाताने कसं उभं केलं. हायस्कूलच्या विज्ञानाच्या बाई प्रत्येक फलक तपासून देणार आहेत.

१२ जानेवारी, रविवार

पहिला फलक: आकार. परीघ २६.७ किलोमीटर, म्हणजे त्रिज्या सव्वाचार किलोमीटरच्या आसपास. तालुक्याच्या नकाशावर प्रीतिसंगमावर कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं. पूर्वेला ते ओगलेवाडीच्या अलीकडून जातं, दक्षिणेला आगाशिवाच्या पायथ्याकडे येतं. अख्खं कराड आणि मलकापूर आत. प्रोटॉन हे वर्तुळ एका सेकंदात ११ हजारांहून जास्त वेळा पूर्ण करतो. भाचा वर्तुळावरच्या गावांची नावं वाचत बसला आणि म्हणाला, "मामा, आपलं दुकान बरोबर मध्ये आलं." शाळकरी पोरांना हाच नकाशा आधी दाखवायचा.

१४ जानेवारी, संक्रांत

दुकान बंद होतं, म्हणून तापमानाची पट्टी रंगवली. घरचा फ्रीजर उणे १८. कोरडा बर्फ उणे ७८.५. द्रव नायट्रोजन उणे १९६. द्रव हेलियम उणे २६९. एलएचसी उणे २७१.३. सगळ्यात खाली, उणे २७३.१५ वर लाल रेघ; याहून थंड काही असूच शकत नाही. शेवटचे दोन आकडे पट्टीवर एकमेकांना चिकटून दिसतात, पण त्या सव्वादोन अंशांसाठी किती खटाटोप आहे ते पुढच्या फलकात.

१९ जानेवारी, रविवार

गारव्याचा फलक. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जाऊ दिला.

मुळात एवढं थंड कशाला, इथून सुरुवात. प्रोटॉनला वर्तुळात वळवायला चुंबक लागतं. मुख्य वळवणारी चुंबकं १,२३२. प्रत्येक १५ मीटर लांब, वजन ३५ टन. पूर्ण ताकदीला त्यांतून ११,८५० अँपिअर वाहतात. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो आणि तेवढ्यावरही जुन्या वायरिंगचा प्लग तापतो. ११,८५० अँपिअर साध्या तांब्यातून नेले तर नुसती उष्णताच निघेल. म्हणून निओबियम-टायटॅनियमची अतिवाहक तार. पुरेशा थंडीत तिचा विजेला होणारा विरोध शून्य होतो.

आता थंडी आणायची कशी? त्यांच्याकडेही टप्प्याटप्प्याने. सुमारे ३६ हजार टनांचा धातू आधी द्रव नायट्रोजनच्या मदतीने उणे १९३ पर्यंत आणतात. त्या पहिल्या टप्प्यालाच सुमारे दहा हजार टन नायट्रोजन लागतो. मग हेलियम, टर्बाइनमधून प्रसरण पावत, ४.५ केल्विनपर्यंत, म्हणजे त्या लाल रेघेच्या साडेचार अंश वर. शेवटी हेलियमवरचा दाब उतरवत नेतात, वातावरणाच्या साठाव्या हिश्शाच्याही खाली, आणि द्रव स्वतः उकळत उकळत आणखी थंड होतो. दाब कमी केला की उकळबिंदू उतरतो, हे आम्ही रोज गेजवर बघतो. तत्त्व तेच आहे हे कळलं तेव्हा मी वही बंद करून बराच वेळ बसून राहिलो. यंत्रात भरलेला हेलियम सुमारे १२० टन, आणि थंडी टिकवायला ४० मेगावॉट वीज.

२.१७ केल्विनच्या खाली हेलियम अतिप्रवाही होतो. त्याला घर्षण उरत नाही आणि उष्णता तो तांब्यापेक्षाही कितीतरी चांगली वाहून नेतो. चुंबकाच्या गाभ्यात बारीक फटींतून शिरून तारेला गार ठेवायला हाच गुण कामी येतो. हाच गुण जोडणाऱ्याची परीक्षा पाहतो, कारण जिथे दुसरं काही शिरणार नाही अशा फटीतून हा निसटतो. पूर्ण यंत्रात गळती चालणार नाही असे नळ्यांचे जोड ४० हजार आहेत.

आणखी एक गोष्ट ठळक लिहिली. थंड झाल्यावर धातू आकसतो, मीटरला साधारण तीन मिलिमीटर. २७ किलोमीटरला ते ८० मीटरच्या घरात जातं. म्हणून दर दोन चुंबकांच्या मध्ये लवचीक बेलोज, म्हणजे भात्यासारख्या घड्यांची नळी. उन्हाळ्यात रुळांमध्ये फट का ठेवतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच कळेल.

२५ जानेवारी, शनिवार

आज जोडाचा फलक लिहिला. सगळ्या प्रकल्पात मला मनापासून सांगायचं आहे ते हेच.

१० सप्टेंबर २००८ ला पहिल्यांदा प्रोटॉनचा झोत पूर्ण वर्तुळात फिरला. तेव्हाचे आपल्याकडचे टीव्ही चॅनल मला स्वच्छ आठवतात. कृष्णविवर तयार होईल आणि पृथ्वी गिळेल, अशी चर्चा दिवसभर. दुकानात येणारी शहाणीसुरती माणसं काळजीने विचारत होती. पृथ्वीच्या वातावरणावर अंतराळातून याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे कण अब्जावधी वर्षं आदळत आले आहेत आणि पृथ्वी जागेवर आहे, एवढं साधं उत्तर कोणी नीट सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, खरा अपघात झाला. त्याची बातमी आपल्याकडे फारशी आलीच नाही. झोत तेव्हा यंत्रात नव्हताही. वर्तुळाच्या एका भागात, सेक्टर ३-४ मध्ये, चुंबकांचा विद्युतप्रवाह चढवत नेत होते. ८,७०० अँपिअरच्या आसपास दोन चुंबकांमधला एक जोड तापला, अतिवाहकता गेली आणि ठिणगीचा लोळ उठला. त्याने हेलियमच्या आवरणाला भोक पडलं. द्रव हेलियम उष्णतारोधक निर्वातात घुसून क्षणात वायू झाला. सुटकेचे व्हॉल्व्ह होते, पण एवढ्या लोंढ्यासाठी नव्हते. त्या दाबाने कित्येक टनांची चुंबकं आपल्या बैठकीवरून सरकली. सुमारे सहा टन हेलियम गेला. ५३ चुंबकं बदलावी किंवा दुरुस्त करावी लागली. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडलं.

त्या जोडाचा विरोध किती होता? अंदाज २२० नॅनोओहम (नॅनोओहम म्हणजे ओहमचा अब्जावा भाग). चांगल्या जोडाचा ०.३५ नॅनोओहमच्या आसपास असतो. बाईंनी मला गणित मांडून दिलं, ते फलकावर जसंच्या तसं उतरवलं: ८,७०० गुणिले ८,७०० गुणिले ०.००००००२२. उत्तर साधारण १७ वॅट. एका एलईडी बल्बइतके! खोलीच्या तापमानाला १७ वॅट म्हणजे काहीच नाही. १.९ केल्विनवर, ८,७०० अँपिअर मागे उभे असताना, त्या १७ वॅटनी अब्जावधी खर्चाचं यंत्र वर्षभर बंद पाडलं.

तो जोड स्वतः तर वितळून गेला होता. मग आकडा निघाला कसा? त्याच सेक्टरमध्ये आधी चाचणी घेतली होती, तेव्हाच्या तापमानाच्या नोंदी शिल्लक होत्या. त्यांत त्या भागातली किंचित वाढ दिसत होती. तिच्यावरून मागे जात विरोध काढला. नोंदी ठेवलेल्या होत्या म्हणून कारण सापडलं.

पुढे काय केलं तेही लिहिलं. जोडांच्या विरोधावर पहारा ठेवणारी जास्त संवेदनशील यंत्रणा बसवली, दाब सोडायचे जादा व्हॉल्व्ह घातले, आणि २०१३ पासूनच्या मोठ्या बंद काळात बोगद्यातल्या दहा हजारांहून अधिक विजेच्या जोडांवर तांब्याच्या पट्ट्या सोल्डर करून पर्यायी वाट दिली. जे जोड तपासणीत कमी दिसले ते उलगडून पुन्हा केले. बोगद्यात वाकून एकेक जोड करणाऱ्या त्या माणसांची नावं हिग्जच्या बातमीत येत नाहीत. फलकाचं शीर्षक मी "दहा हजार जोड" असं ठेवलं. ग्रंथपालांना ते रुक्ष वाटलं. मी बदललं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

भारताचा वाटा, एका फलकात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली चुंबक पेलणारे जवळपास सात हजार अचूक जॅक आपल्या देशात बनले. ३५ टनांचं चुंबक अशा तीन जॅकवर बसतं, आणि माणूस हाताने पाना फिरवून ते मिलिमीटरच्या बारीक अंशाने हलवू शकतो. दीड हजारांहून अधिक छोटे अतिवाहक सुधारक चुंबकही इंदूरमार्फत गेले. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरने सीएमएस या शोधकाच्या (टकरीतून निघालेले कण टिपणाऱ्या यंत्राच्या) बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचं, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचं, काम केलं. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

जॅकचं चित्र मोठं काढलं. तसबिरींपेक्षा पोरं त्याच्यापुढे जास्त थांबतील असं वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

क्लाउड चेंबरची पेटी. माशांची काचेची टाकी उलटी, खाली काळी अॅल्युमिनियमची प्लेट, प्लेटखाली कोरडा बर्फ. टाकीच्या वरच्या भागात जाड फेल्टची पट्टी, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल. वर उबदार, खाली उणे ६० च्याही खाली. अल्कोहोलची वाफ खाली उतरताना इतकी गार होते की तिला थेंब व्हायचं असतं पण निमित्त मिळत नाही. वीजभारित कण तिथून गेला की त्याच्या मागावर निमित्तांची ओळच तयार होते आणि पांढरी रेघ उमटते. स्कॉटलंडच्या चार्ल्स विल्सनने ही युक्ती १९११ मध्ये यशस्वी केली आणि १९२७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. त्याची पेटी वेगळ्या पद्धतीची होती. कोरड्या बर्फाची ही रचना पुढची, घरात जमणारी.

टाकी आणि प्लेट यांच्यामध्ये सील महत्त्वाचं. बाहेरची हवा शिरली तर धुकं हलत राहतं आणि रेघा तुटतात. सिलिकॉनपेक्षा दुकानातल्या डीप फ्रीजरच्या दाराचं गॅस्केट कापून लावलं ते छान बसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात कोरडा बर्फ आणला. खिडक्या उघड्या, कातडी हातमोजे, आणि आसपास काडेपेटी नाही. घरात सगळ्यांना ताकीद दिली: अल्कोहोलची वाफ पेटते आणि कोरड्या बर्फाचा वायू बंद खोलीत साचतो.

दिवे मालवले, बाजूने एलईडी टॉर्च लावला. सुरुवातीला नुसती रिमझिम. पाव तास तसाच. मग प्लेटजवळ, बोटभर उंचीच्या थरात, एक रेघ. सरळ, बारीक, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती विरायच्या आत दुसरी, जाड आणि आखूड. भाचा ओरडला. बायको स्वयंपाकघरातून आली आणि मग तिथेच खुर्ची ओढून बसली.

जाड आखूड रेघा अल्फा कणांच्या, हवेतल्या रेडॉनमधून आलेल्या. वेड्यावाकड्या बारीक रेघा इलेक्ट्रॉनच्या. लांब सरळ रेघा बहुतेक म्युऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाच्या. अंतराळातून आलेला प्रोटॉन वातावरणात उंचावर हवेच्या अणूला धडकतो, तुकडे होतात, त्या तुकड्यांतून म्युऑन जन्मतो आणि आपल्या घराच्या स्लॅबमधून आरपार येतो. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक. एलएचसीत प्रोटॉन मुद्दाम धडकवतात, इथे निसर्ग धडकवतो, आणि मागे राहिलेल्या रेघा वाचायचं काम दोन्हीकडे सारखंच. कृष्णविवराच्या भीतीचं उत्तर या पेटीत दिसतं म्हणून ती जोडाच्या फलकासमोरच मांडणार.

रात्री उशिरापर्यंत बर्फ संपेस्तोवर बघत होतो. मला सांगता येत नाही इतका आनंद झाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा फलक: निवड. झोतांचे पुंजके सेकंदाला चार कोटींपर्यंत वेळा समोरासमोर येऊ शकतात, त्यांत अब्जभर टकरी. साठवतात त्यांतल्या फक्त काही हजार घटना, बाकी तिथल्या तिथे सोडून देतात. हिग्ज तयार होतो साधारण अब्जभर टकरींमागे एखादा. काय ठेवायचं याची पहिली चाळणी सेकंदाच्या लाखभराव्या भागाच्या आत इलेक्ट्रॉनिक्स करतं. हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून बाईंनी लिहून दिलं तेवढंच ठेवलं.

वाचनालयातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "एवढा पैसा ओतून सामान्य माणसाला काय?" कराडमधल्या दवाखान्यांतल्या एमआरआयचं उदाहरण दिलं. त्यातही हीच निओबियम-टायटॅनियमची तार आणि द्रव हेलियम असतो, आणि ही तार मोठ्या प्रमाणावर बनवायला कारखाने शिकले ते कणवेगकांच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या अशा यंत्रांच्या, मागणीमुळे. त्यांना पटलं. तरी हे उत्तर पूर्ण नाही असं मला वाटतं. पदार्थाला वस्तुमान कुठून येतं हे विचारण्यासाठी शंभराहून जास्त देशांची माणसं एका बोगद्यात काम करतात. ते एमआरआय निघालं नसतं तरी करण्यासारखंच होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

फलक टांगले. दीपप्रज्वलनाची समई खालच्या सभागृहातच ठेवायची, वर आणायची नाही, हे ग्रंथपालांशी ठरवून घेतलं.

उद्याच्या तारखेशी जुळणारी एक गोष्ट बाईंनी आणून दिली. सीएमएस शोधक जमिनीवर जोडून तुकड्यातुकड्यांनी खाली सोडला होता. त्यातला सगळ्यात जड, मधला तुकडा, सुमारे १,९२० टनांचा, २८ फेब्रुवारी २००७ ला उतरवला. शंभर मीटर खोल, तासाला साधारण दहा मीटरच्या गतीने. भिंतीपासून मोकळी जागा होती २० सेंटिमीटर. क्रेनवर मशीन चढवताना ज्याने दोर धरला आहे त्याला त्या दहा तासांचा अंदाज येईल. लगेच कार्डावर लिहून दाराशी लावलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत गर्दी हटली नाही. चेंबर तीन भरणांत चालवला.

तासवडे एमआयडीसीतला एक वेल्डर जोडाच्या फलकापुढे खूप वेळ उभा होता. म्हणाला, "सोल्डर कशाला केलं, वेल्ड का नाही?" बरोबर प्रश्न. तांब्यात बसवलेल्या त्या तारेत केसाहून बारीक हजारो धागे असतात आणि जास्त उष्णतेने त्यांची प्रवाह वाहण्याची क्षमता घटते. म्हणून कथील-चांदीचं सोल्डर, सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळणारं, इंडक्शनने तापवून. शिवाय पुन्हा उलगडायची वेळ आली तर उलगडता येतं, आणि ती वेळ आलीच. त्याने गणितावर बोट ठेवून १७ वॅट पुन्हा वाचलं आणि बरोबरच्या पोराला बोलावून दाखवलं.

नववीतल्या एका मुलीने दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. फलकावर लिहिलं होतं की जागच्या जागी थांबलेला म्युऑन सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. तिने बोटांवर हिशोब केला: प्रकाशाच्या वेगाने गेला तरी साधारण ६६० मीटर. "मग काका, दहा-पंधरा किलोमीटर वरून तो इथे पोचतो कसा?" मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सांगितलं की इतक्या वेगात म्युऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने सावकाश चालतं, म्हणून तो टिकतो. आणि अशा कणांचा क्षय हा आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा थेट पडताळा ठरेल हे १९३८ मध्ये लिहिणारा माणूस मुंबईचा, होमी भाभा. मुलगी पुन्हा पेटीकडे गेली आणि लांब सरळ रेघा मोजायला लागली. तिच्यामागे रांग थांबली, कोणी कुरकुर केली नाही.

२ मार्च, रविवार

सामान आवरलं. बाईंच्या हायस्कूलने फलक ठेवून घेतले, चेंबर माझ्याकडे.

सातवा फलक करायचा आहे. पुढच्या वर्षी एलएचसी मोठ्या दुरुस्तीसाठी थांबेल आणि २०३० च्या सुमारास जास्त टकरी देणारं रूप घेऊन सुरू होईल. टकरीच्या जागेजवळची नवी चुंबकं निओबियम-टिनची आहेत. ते काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून तार आधी गुंडाळतात आणि मग साडेसहाशे अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून अतिवाहक बनवतात. म्हणजे जोड करायची पद्धतही बदलली असणार. तासवड्याच्या त्या वेल्डरने नंबर देऊन ठेवलाय, रविवारी दुकानावर येतो म्हणाला. दोघं मिळून त्या जोडांबद्दल मिळेल ते वाचणार आहोत.